देश सुटला, खेळ राहिला

देश सुटला की माणसाजवळ काय उरते? मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, अन्नवस्त्राची भ्रांत असतानाच, तिबेटी निर्वासितांनी कालिम्पाँग येथे आपली नाट्य-संगीत संस्था उभारली. पुढे ती धरमशालेस गेली.

तिने जपलेला मुख्य वारसा म्हणजे ‘ल्हामो’ हे संगीतनाट्य. लोखंडी साखळ्यांचे पूल बांधण्यासाठी पैसा जमावा म्हणून थांगतोंग ग्याल्पो या सिद्धपुरुषाने सात बहिणींना नाचगाण्यास उभे केले व त्यातून ल्हामो जन्मले, अशी आख्यायिका आहे. याला पडदा नसतो. कापडी छताखाली, ढोल आणि झांजांच्या साथीवर खेळ दिवसभर चालतो. प्रेक्षक भोवती बसतात.

निर्वासितांच्या वसाहती भारतभर आहेत. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील नोर्ग्येलिंग ही त्यांपैकीच एक. धरमशालेच्या ‘शोतोन’ उत्सवात निरनिराळ्या वसाहतींची पथके ल्हामो सादर करतात. पाहणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी तिबेट पाहिलेला नाही. जुनी भाषा, वेष, चाली त्यांना येथेच भेटतात. या खेळाने एकेकाळी नद्यांवर पूल बांधले, असे म्हणतात. आज तो आजी आणि नातवंडे यांच्यामध्ये पूल बांधतो आहे. तो मात्र दरवर्षी नव्याने बांधावा लागतो.