बोटावर निळाई... पण कोणती?

नीलम, टोपाझ, ॲक्वामरीन, टँझनाइट... रोज घालायच्या अंगठीसाठी निळा खडा निवडताना रंगाच्या आधी काय बघायचं?

साखरपुड्याची अंगठी म्हणजे हिराच, हे समीकरण आता जुनं झालं. आमच्या ऑफिसच्या फ्लोअरवर एक चक्कर मारली तरी चार बोटांवर चार रंग दिसतील. त्यात निळ्याची बातच और! जीन्सवर जातो, पैठणीवर खुलतो आणि क्लायंट मीटिंगमध्ये ‘ओव्हर’ही वाटत नाही. मलाही निळाच हवा होता. प्रॉब्लेम एवढाच, की ‘निळा खडा दाखवा’ म्हटलं की दुकानदार ट्रेमध्ये आठ-दहा दगड ओळीने मांडतो. दिसायला सगळे सख्खे भाऊ, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

घरात तर दोन पार्ट्या पडल्या होत्या. आई म्हणाली, “नीलम नको गं बाई. शनीचा खडा तो, लाभला तर लाभला.” होणारा नवरा म्हणाला, “टोपाझ घे, त्याच पैशात मोठा येईल.” माझी अट एकच होती. अंगठी लॉकरमध्ये झोपवायची नाही. ती रोज बोटात हवी. कीबोर्डवर, स्कूटीच्या हँडलवर आणि ट्रेकलाही!

रतनगडावर रत्न कुठाय?

या वादाला सुट्टी द्यावी म्हणून आम्ही ग्रुपने भंडारदऱ्याला गेलो. शेंडीत मुक्काम, 1926 साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, मागे पसरलेला जलाशय, आणि दुसऱ्या दिवशी रतनवाडीहून रतनगड. आता गडाच्या नावातच रत्न म्हटल्यावर जोक्स होणारच. “अंगठीचा खर्च वाचला, इथेच खोद!” वगैरे. गडावरच्या गुहेत रत्नादेवी आहे, वर ते प्रसिद्ध नेढं आहे, पण अंगठीत बसवायचं रत्न? नाही.

कारण पायाखालचा दगड. भंडारदऱ्याचा सगळा परिसर बसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खन तयार झालं. या कातळात नीलम सापडत नाही. पण लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत गरम, खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि आत स्फटिक वाढले. सह्याद्रीच्या वाटेवर फुटलेल्या दगडात पांढरं काहीतरी चमकताना दिसतं ना, ते बहुतेक वेळा हेच असतं. गारगोटी, अगेट किंवा झिओलाइट.

परतताना घोटीमार्गे सिन्नरला वळलो. तिथल्या माळेगाव एमआयडीसीत ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं म्युझियम आहे. ट्रेकचे बूट घालूनच आत शिरलो आणि एका काचेपुढे मी अक्षरशः थबकले. पांढऱ्या स्फटिकांवर गडद, झगझगीत निळे झुबके. नाव कॅव्हनसाइट. आणि गाव? वाघोली! हो, आपल्या पुण्याजवळचीच वाघोली. जिथे आज फ्लॅट बुक करायला लोक जातात, तिथल्या दगडखाणींतून निघालेला हा निळा दगड जगभरचे संग्राहक जपून ठेवतात.

“झालं! हाच बसवू अंगठीत,” नवरोबा म्हणाले. आणि इथेच आमचा खरा धडा सुरू झाला.

धुळीचा नंबर सात

खनिजांचा टणकपणा ‘मोस’ नावाच्या स्केलवर मोजतात. 1 ते 10. हिरा 10. आपलं नख साधारण अडीच. आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, 7. आता गंमत बघा, रस्त्यावरच्या साध्या धुळीत याच क्वार्ट्झचे बारीक कण असतात. म्हणजे 7 पेक्षा मऊ खडा रोज घातला, धूळ बसली की रुमालाने कोरडाच पुसला, तर त्याला आपणच पॉलिश पेपर मारत असतो. वर्षा-दोन वर्षांत चमक जाते.

कॅव्हनसाइटचा आकडा आहे 3 ते 4. आपल्या मातीतला सर्वात देखणा निळा, पण बोटावर टिकणार नाही. तो काचेआडच शोभतो.

या चाळणीतून बाकीचे निळे खडे घालून बघा, चित्र एकदम स्वच्छ होतं.

नीलम (9): हिऱ्याखालोखाल टणक. माणिक आणि नीलम हे एकाच खनिजाचे, कोरंडमचे, दोन रंग. लोह आणि टायटॅनियममुळे निळा होतो. काश्मीरचा दुर्मिळ, श्रीलंकेचा बाजारात जास्त दिसणारा. रोजच्या वापराला राजा, खिशाला मात्र जड.

टोपाझ (8): स्वस्त, मोठा, चकचकीत. टणक आहे, पण नेमका ठोसा बसला तर एका सरळ पातळीत चिरतो.

ॲक्वामरीन (7.5 ते 8): पाचूचा सख्खा भाऊ, दोघंही बेरिल. रंग फिका, पाण्यासारखा. रोज घालायला उत्तम.

आयोलाइट (7 ते 7.5): आपल्याकडे ‘नीली’ म्हणून विकतात. बजेटमधला जांभळट निळा. एका बाजूने निळा आणि फिरवला की जवळजवळ रंगहीन. म्हणून सगळ्या बाजूंनी बघूनच घ्या.

टँझनाइट (6 ते 7): 1967 मध्ये टांझानियात सापडला आणि ‘टिफनी’ने नाव देऊन जगभर गाजवला. योगायोग म्हणजे कॅव्हनसाइटही पहिल्यांदा त्याच वर्षी, अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मिळाला, आणि दोघांची निळाई एकाच धातूची, व्हॅनेडियमची! पण टँझनाइट कानात किंवा गळ्यात बरा. अंगठीत पार्टीपुरता.

फिरोजा (5 ते 6) आणि लाजवर्द (5 ते 5.5): दोन्ही मऊ. फिरोजा सच्छिद्र असल्याने परफ्युम, क्रीम, घाम सगळं पितो आणि रंग बदलतो. लाजवर्दाचा मान मात्र मोठा. अजिंठ्याच्या चित्रांतला निळा याच दगडाची पूड आहे, आणि तो दगड अफगाणिस्तानातून यायचा. काळ्या कातळात लेणी कोरणाऱ्यांनाही निळा रंग बाहेरूनच मागवावा लागला!

‘नॅचरल’ म्हणजे नक्की काय?

दुकानात हा शब्द सगळ्यात जास्त फेकला जातो. खाणीतून निघाला म्हणजे नॅचरल, एवढं खरं. पण रंग? बाजारातला जवळपास सगळा निळा टोपाझ मुळात रंगहीन असतो. किरणोत्साराचा मारा आणि मग उष्णता देऊन तो निळा करतात. बहुतेक टँझनाइट तपकिरी निघतो, भट्टीत निळा होतो. ॲक्वामरीनची हिरवट झाक तापवून काढतात. बहुतांश नीलमही तापवलेले असतात.

यात फसवणूक आहे का? सांगून विकलं तर नाही. तापवण्याने आलेला रंग टिकतो. फसवणूक सुरू होते ती न सांगण्यात. न तापवलेल्या नीलमाची किंमत कितीतरी जास्त असते. त्यामुळे तापवलेल्याला ‘अनहीटेड’ म्हणून विकलं, तर पैसे गेलेच. त्याहून वाईट म्हणजे भेगांत निळी काच भरलेला नीलम. तो पुढे सोनाराच्या ॲसिडमध्येही खराब होऊ शकतो. आणि लॅबमध्ये बनवलेला नीलम टणकपणात खऱ्याच्या तोडीस तोड असतो, नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. म्हणून कागद हवाच.

दुकानात शिरण्याआधी...

* हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नाही. खड्याचं सर्टिफिकेट वेगळं मागा. जीआयए, आयजीआय किंवा मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया अशा लॅबचं.
* त्यावर दोन गोष्टी वाचा. खडा नैसर्गिक की कृत्रिम, आणि ट्रीटमेंट कोणती.
* वजन कॅरेटमध्ये विचारा. 1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं.
* खडा दुकानाच्या दिव्याखाली पसंत करू नका. दारात, दिवसाच्या उजेडात न्या.
* रोजच्या अंगठीला कडेने पूर्ण बंद कोंदण घ्या. नुसत्या नखांच्या कोंदणापेक्षा खड्याची कड सुरक्षित राहते.
* कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. पण फिरोजा आणि लाजवर्द फक्त ओलसर फडक्याने पुसा.

आमचं काय ठरलं? आयोलाइट जवळजवळ फायनल होता, पण सोनाराने “ही नीली, शनीचं उपरत्न” म्हटलं आणि आईचा चेहराच उतरला. माझा शनीवर विश्वास नाही. पण जी अंगठी बघून आईच्या पोटात रोज गोळा येणार, ती मला आनंदाने घालता आली नसती. टोपाझचा नाद नवऱ्याने स्वतःच सोडला. “मोठा दिसण्यापेक्षा टिकणारा घेऊ,” असं तो म्हणाला तेव्हा, खरं सांगते, माणूस जरा जास्तच आवडला. शेवटी घेतला सव्वा कॅरेटचा ॲक्वामरीन. तापवलेला, सर्टिफिकेटवर तसं लिहिलेला, बंद कोंदणातला. आई म्हणते, “पाण्यासारखा आहे, छान आहे.” नवरा म्हणतो, बजेटमध्ये आहे. मी गेले आठ महिने तो घालून टाइप करतेय, भांडी घासतेय, गड चढतेय. अजून एक चरा नाही.

तेव्हा निळ्याच्या प्रेमात जरूर पडा. फक्त खडा निवडण्याआधी स्वतःचा हात दिवसभर काय काय करतो, ते एकदा आठवून बघा. बाकी मग रंग तुमचा, पसंत तुमची!