पित्ताची वाट (लेखांक 6) : ऑपरेशनआधीचे आठवडे

या आठवड्यात व्हिपल शस्त्रक्रियेबद्दल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढण्याच्या ऑपरेशनबद्दल, लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलावं लागत आहे, कारण तेल्हाऱ्याच्या एका वाचकाने त्याच्याही आधीचा प्रश्न विचारला आहे. वडिलांना कावीळ झाली, अकोल्यात सोनोग्राफी झाली आणि पुढे मुंबईत पित्तनलिकेच्या कॅन्सरचं निदान झालं. तिथे आधी स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी) घातला, मग यकृताची एक रक्तवाहिनी बंद केली आणि महिन्याभराने या म्हणून घरी पाठवलं. कॅन्सर आहे म्हटल्यावर एकेक दिवस मोलाचा, मग हे थांबणं कशासाठी, असं त्यांना वाटतं. प्रश्न रास्त आहे आणि अख्खा लेखांक त्यावरच खर्च करण्याजोगा आहे.

सातपुड्यातून उतरणारे नाले वान नदीला मिळतात, तशा यकृतातल्या बारीक पित्तनलिका एकमेकींना मिळत जातात. शेवटी उजवी आणि डावी अशा दोन मुख्य शाखा उरतात आणि यकृताच्या तोंडाशी एकत्र येतात. या वाचकाच्या वडिलांची गाठ नेमकी त्या संगमावर आहे. अमेरिकेतल्या गेराल्ड क्लॅटस्किन यांनी 1965 मध्ये अशा 13 रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हापासून ही गाठ त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती बहुधा लहानच असते, पण तिच्यापायी पित्त दोन्ही बाजूंनी तुंबतं.

एवढीशी गाठ काढायला यकृताचा मोठा भाग का कापावा लागतो? कारण हा कॅन्सर नळीच्या भिंतीतून वर सरकत जातो आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना चिकटतो. गाठ पुरती निघावी म्हणून संगमाबरोबर यकृताची एक बाजू आणि मागचा छोटा शेपटीकडचा भागही काढतात. हा मागचा भाग काढण्याचा आग्रह जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या युजी निमुरा यांनी धरला, कारण त्याच्या बारीक नळ्या थेट संगमापाशी उघडतात. उरलेली पित्तनलिका मग आतड्याच्या वेटोळ्याला बारीक टाक्यांनी जोडतात.

खरी परीक्षा असते ती मागे उरणाऱ्या यकृताची. निरोगी माणसाचं साधारण पाव यकृत उरलं तरी भागतं. काविळीने शिणलेल्या यकृताचं तसं नसतं. तिथे 40 टक्क्यांच्या आसपास शिल्लक असावं, असं सर्जन धरून चालतात. उजवी बाजू काढली की डावीकडे एवढं क्वचितच उरतं. कमी पडलं तर ऑपरेशन उत्तम होऊनही रुग्ण यकृत निकामी होऊन दगावतो.

यावरचा उपाय ससे घेऊन केलेल्या एका प्रयोगातून आला. 1920 मध्ये न्यूयॉर्कला पेटन राउस आणि लुईस लॅरिमोर यांनी सशाच्या यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेची एक फांदी बांधली. ती बाजू सुकत गेली आणि दुसरी फुगत गेली. पुढे जपानमध्ये मसातोशी माकुउची यांनी हे माणसावर वापरलं. काढायच्या बाजूची शीर आधीच बंद करायची आणि राहणारी बाजू वाढू द्यायची. 1990 मध्ये त्यांनी संगमावरच्या गाठीच्या 14 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आज हे काम बरगड्यांमधून सुई घालून, पडद्यावर बघत, औषधी गोंद किंवा बारीक कण सोडून होतं. तीन ते सहा आठवड्यांत राहणारी बाजू वाढते, सीटी स्कॅनवर तिचं आकारमान मोजतात आणि मग तारीख ठरते. वडिलांना घरी पाठवलं आहे, पण या काळात उपचार चालूच आहे.

स्टेंटही त्याच हिशेबाने. जी बाजू राहणार तिच्यातलं पित्त वाहतं करायचं, म्हणजे ती सुधारेल आणि वाढेल. पित्त आतड्यात पोचत नसेल तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठत नाही, म्हणून त्याची इंजेक्शनंही देतात.

मात्र थांबायचा नियम सगळ्यांना सारखा लागू नाही. गाठ खाली, स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी असेल तर हिशेब उलटतो. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर असलेल्या 202 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी स्टेंट घातलेल्यांपैकी 74 टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली, थेट ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. म्हणजे अडथळा कुठे आहे हे कळल्याखेरीज स्टेंटचा निर्णय घेता येत नाही. एकदा स्टेंट बसला की नळी आक्रसते, आजूबाजूला सूज येते आणि स्कॅनवर गाठीची हद्द नीट दिसत नाही.

आपल्याकडे उशीर होतो तो याच्याही आधी. कावीळ म्हटली की गावोगावी उतारा आहे. हाताला झाडपाल्याचा रस लावतात, चुन्याच्या निवळीत हात धुतात, पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरली म्हणतात. तो पिवळेपणा रस आणि चुना एकत्र आल्याचा. निरोगी माणसाने हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, श्रेय उताऱ्याला मिळतं. गाठीची कावीळ मात्र उतरत नाही.

तेव्हा वाचकांना कळकळीची विनंती. दुखत नाही, पण डोळे पिवळे होत चालले आहेत, अंगाला खाज सुटते, लघवी गडद आणि शौच मातकट पांढरी होते, असं दिसलं तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. नळ्या फुगलेल्या निघाल्या तर स्टेंटच्या आधी सीटी किंवा एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) होईल का, हे डॉक्टरांना विचारा. थंडी वाजून ताप येत असेल तर थांबू नका, लगेच दवाखान्यात जा. तेव्हा पित्त मोकळं करणं हेच पहिलं काम. मुंबई-नागपूरला जाताना स्कॅनची सीडी बरोबर ठेवा, आणि खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या.