ताम्रवस्तूची नोंद : सापडणाऱ्याच्या शब्दापासून सूचिपत्रापर्यंत

अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे एक ओसाड गाव आहे. १९७४ साली तेथे एका झुडपाच्या बुंध्याशी खणताना एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला धातूच्या चार जड वस्तू मिळाल्या : दोन बैल जुंपलेला आणि उभ्या माणसाने हाकलेला रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आहे. भारतीय पुरातत्त्वात या चार वस्तूंचे स्थान असामान्य मानले जाते, आणि तरीही त्यांचा काळ निर्विवाद ठरलेला नाही. म. के. ढवळीकर आदी अभ्यासकांनी त्या उत्तर-हडप्पा काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे २००० च्या आसपासच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाच्या आधारे शंका घेतली. या वस्तूंत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. दायमाबाद येथे त्याआधी आणि त्यानंतरही शास्त्रशुद्ध उत्खनने झाली. सावळदा ते जोर्वे अशा पाच सांस्कृतिक टप्प्यांचा क्रम तेथे सिद्ध झाला. परंतु वस्तू एकदा मातीतून उचलल्या गेल्यावर त्यांचे थराशी असलेले नाते अनुमानानेच जोडावे लागते. ती उचलली जाण्याच्या घटकेची नोंद कोणाकडेही नाही, आणि वादाचे मूळ तेथे आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे स्वरूप परके वाटू नये. स्थानिक पातळीवर सापडलेल्या प्राचीन वस्तूची नोंद ही एक संहिताच असते आणि ती क्वचितच एका हातची असते. प्रथम सापडणाऱ्याचे बोलणे असते. ते बोलीत असते आणि बहुधा विरून जाते. मग तलाठी किंवा पोलीस यांचा पंचनामा येतो. मराठीतील या स्वतंत्र गद्यप्रकाराकडे साहित्याभ्यासाने जवळजवळ पाहिलेलेच नाही. त्यानंतर जिल्हा कार्यालयाचा पत्रव्यवहार, संग्रहालयाची दाखलनोंद आणि शेवटी, बहुधा इंग्रजीत, सूचिपत्र. प्रत्येक टप्पा हे एक भाषांतर आहे आणि प्रत्येक भाषांतरात काही गळते. एरवी आपण भाषांतरातील हानीची चर्चा कवितेच्या संदर्भात करतो. येथे ती हानी भरून निघण्याची शक्यता कवितेहूनही कमी असते, कारण मूळ संहिता, म्हणजे वस्तूची मातीतली स्थिती, वाचता वाचताच नष्ट होते.

नोंद नीट झाली तर काय साधते याचे उदाहरण मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया येथे आहे. १८७० साली गुरे राखणाऱ्या मुलांच्या नजरेस जमिनीतून वर आलेला धातू पडला. खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे निघाली. त्यांचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो भरले. त्यांच्यासोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे होते, काही चकतीसारखे, काही शिंगांसह बैलाच्या मस्तकाच्या आकाराचे. पुढे हा साठा विखुरला. त्यातील वस्तू नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत, तशाच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत. तांब्याची कुऱ्हाड एका दालनात आणि चांदीचे बैलमस्तक दुसऱ्या खंडात, अशा अवस्थेत ही दोन्ही एकाच खड्ड्यातली आहेत हे केवळ त्या वस्तूंकडे पाहून कोणी ओळखले नसते. संख्या, वजन आणि सहवास या तीन गोष्टी त्या वेळी लिहिल्या गेल्या, म्हणून गुंगेरिया आजही एक साठा म्हणून वाचता येतो.

गंगेच्या खोऱ्यातील ताम्रसाठ्यांची कथाही अशीच आहे. भाले, मत्स्यभाले, मानवाकृती असे हे साठे बहुधा शेतीच्या कामात योगायोगाने मिळालेले, त्यामुळे त्यांचा काळ व कर्ते दोन्ही दीर्घकाळ अधांतरी राहिले. ब्रजबासी लाल यांचा या साठ्यांचा आढावा १९५१ मध्ये ‘एन्शंट इंडिया’च्या सातव्या अंकात प्रसिद्ध झाला. जुन्या नोंदींत गावांची नावे होती, म्हणूनच त्यांना बिसौली आणि राजपूर परसू येथे परत जाऊन छोटे उत्खनन करता आले. तेथे तांबे मिळाले नाही. मिळाली ती गेरूच्या रंगाची, झिजलेली खापरे. या खापरांचा आणि ताम्रसाठ्यांचा संबंध असावा हे अनुमान त्यांतून उभे राहिले, आणि पुढे सैफई येथे दोन्ही एकत्र मिळाल्याने ते बळकट झाले. कोण्या कारकुनाने गावाचे नाव टाळून नुसता जिल्हा लिहिला असता तर हा मार्गच बंद झाला असता.

आपल्याकडील कायदेशीर नोंदीची घडण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याने जमिनीत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू निधी ठरवली. तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे असे बंधन घातले. कळवायचे काय, तर निधीचे स्वरूप व अंदाजे मूल्य, सापडण्याचे ठिकाण आणि सापडल्याची तारीख. ठिकाण मागितले हे या मसुद्याचे श्रेय आहे. मात्र खोली, मातीचा रंग, सोबतची खापरे किंवा हाडे, वस्तू कशात ठेवलेली होती यांपैकी काही विचारलेले नाही. मूल्याचा रकाना आहे. तांब्याच्या बाबतीत तो मोडीच्या भावाने भरला जाण्याचा धोका उघड आहे. पुढे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना संरक्षण दिले. त्याखालील नोंदणीचा भर मात्र शिल्पे, चित्रे आणि हस्तलिखिते यांवर राहिला. पितळी देवमूर्तीला छायाचित्रासह नोंद मिळते. शेतात मिळालेल्या तांब्याच्या कुऱ्हाडीला किंवा पेशवाईतील घंगाळाला ती सहजी मिळत नाही.

तांब्याची ही उपेक्षा केवळ भारतीय नाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या निधी कायद्याने मुख्यतः सोने व चांदी यांना निधी मानले. प्रागैतिहासिक काळातील हलक्या धातूंचे साठे २००३ पासून त्यात आले. मे २०१० मध्ये कम्ब्रिया परगण्यातील क्रॉस्बी गॅरेट येथे रोमन काळातील मुखवट्यासह एक शिरस्त्राण सापडले. ते ताम्रमिश्रधातूचे आणि एकटे होते, म्हणून कायद्याच्या व्याख्येत बसले नाही. लिलावात ते वीस लाख पौंडांहून अधिक किमतीला एका खाजगी ग्राहकाकडे गेले; कार्लाइलच्या संग्रहालयाचा प्रयत्न अपुरा पडला. विक्रीपूर्वी तुकडे जोडून, डागडुजी करून त्याला नवे रूप दिले गेले होते. व्याख्येतील ही उणीव २०२३ मध्ये अंशतः दूर करण्यात आली. त्याच देशात १९९७ पासून चालणारी ऐच्छिक नोंदयोजना मात्र धातूचा मान पाहत नाही. वाकलेली कडी, तुटके बक्कल, झिजलेले नाणे असे सारे तिच्यात येते, आणि तिच्यातील वस्तूंची संख्या पंधरा लाखांवर गेली आहे. या नोंदींत ‘ब्राँझ’ किंवा ‘पितळ’ असे न लिहिता ‘ताम्रमिश्रधातू’ लिहिण्याचा प्रघात आहे.

या शब्दाची निवड महत्त्वाची आहे. तांब्यात कथील मिसळले की ब्राँझ, जस्त मिसळले की पितळ, कथिलाचे प्रमाण बरेच वाढवले की घणघणणारे कासे. ओतकामासाठी शिसे घातले की आणखी एक प्रकार. शतकानुशतके जमिनीत राहिलेल्या हिरव्या पृष्ठभागावरून यांतील भेद डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून पृथक्करण होईपर्यंत ‘ताम्रमिश्रधातू’ हा संयमी शब्द योग्य ठरतो. पण तो घेताना मराठीने आपल्याजवळचे शब्द टाकून देण्याचे कारण नाही, कारण ते दुसरेच काही सांगतात. तांबट घडवतो, ओतारी ओततो. ‘घडीव’ आणि ‘ओतीव’ हा भेद घडणीच्या प्रक्रियेचा आहे आणि नोंदीत तो घटकद्रव्याइतकाच मोलाचा आहे. ठोक्यांच्या ओळींनी भांड्याला बळकटी व झळाळी देणारे तांबटांचे माठारकाम पाहणाऱ्याला इंग्रजी सूचीतले ‘ठोकलेले’ हे विशेषण किती अपुरे आहे ते कळते. याउलट ‘पंचरसी’ किंवा ‘पंचधातू’ हे शब्द आदराचे आहेत. त्यांवरून घटकद्रव्ये मोजू नयेत. तोफेलाही पंचरसी म्हणतात आणि मूर्तीलाही. अशा शब्दाची नोंद ‘स्थानिक लोक असे म्हणतात’ म्हणून व्हावी, धातूच्या रकान्यात नव्हे.

पाठचिकित्सेत ही शिस्त जुनी आहे. १९१९ ते १९६६ या काळात भांडारकर संस्थेत सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठ वर आणि हस्तलिखितांतील पाठभेद खाली, अशी मांडणी आहे. संपादकाचा निर्णय चुकीचा वाटला तरी वाचकाला मूळ साक्षी उपलब्ध राहतात. वस्तूच्या नोंदीतही सापडणाऱ्याचा शब्द आणि तज्ज्ञाचा शब्द वेगळ्या रकान्यांत हवेत. सापडणाऱ्याने वस्तूला ‘देवाचा टाक’ म्हटले आणि तज्ज्ञाने ‘अलंकाराची चकती’ ठरवली, तर पहिला शब्द खोडण्याचा अधिकार दुसऱ्याला नाही. पुढच्या पिढीला कदाचित पहिलाच उपयोगी पडेल.

वस्तूचा पृष्ठभाग हाही एक पाठ असतो, आणि आपल्या घरांतून तोच सर्वांत आधी पुसला जातो. तांब्यापितळेची भांडी चिंचेने, राखेने लख्ख करण्याची सवय सात्त्विक आहे, परंतु खणून काढलेल्या वस्तूला ती मारक ठरते. हिरव्या-निळ्या गंजाच्या थरात कधी कापडाच्या विणीचा ठसा टिकलेला असतो. कापड कुजून गेलेले असते, पण ताम्रक्षारांनी धाग्यांची जागा घेऊन वीण जपलेली असते. साठा कापडात गुंडाळून पुरला होता याचा एवढाच पुरावा असू शकतो. फिकट हिरव्या, भुकटीसारख्या ठिपक्यांचे प्रकरण वेगळे. क्लोराइड आणि दमटपणा यांतून सुरू होणारी ती झीज वस्तू पोखरत जाते, म्हणून अशी वस्तू कोरडी ठेवून लवकर संवर्धकाकडे न्यावी लागते. नोंद करणाऱ्याने या दोन हिरव्यांतील फरक लिहावा आणि स्वतः हात लावू नये. पाण्याने धुणेही टाळावे. भांड्यातील माती तशीच राहू द्यावी.

साहित्याभ्यासकांच्या अधिक परिचयाची ताम्रवस्तू म्हणजे ताम्रपट. त्यावरील लेखामुळे त्याची वस्तुता विसरली जाते. फ्लीट यांनी १८८८ मध्ये गुप्तकालीन लेखांचा संग्रह सिद्ध केला तेव्हा वाचनाआधी पत्र्यांची मापे, वजन, कडी आणि मुद्रा यांचे वर्णन दिले. पट कोठे व कोणाकडे मिळाला तेही बहुधा सांगितले. पट हाती आला तेव्हा कडी तोडलेली होती की नव्हती, हे वाक्य त्या काळच्या संपादनांत इतक्या नियमाने येते की वाचक ते ओलांडून जातो. ओलांडू नये. कडी अखंड असेल तर पत्रे मूळचे एकत्र आहेत. तोडलेली असेल तर पत्रा बदलला, गहाळ झाला किंवा परका मिसळला असण्याची शक्यता उरते. नंतरच्या कित्येक वाचनांत, विशेषतः देशी भाषांतील, लेखाचे लिप्यंतर व अर्थ आहेत, वजन आणि कडी नाहीत. दान दिलेले गाव आणि पट सापडलेले गाव एकच असते असेही नाही. दानग्रहीत्यांचे वंशज स्थलांतर करताना पट सोबत नेत. म्हणून सापडण्याच्या ठिकाणातून एका कुटुंबाच्या स्थलांतराची कथा कळू शकते. अनेक पटांची अखेर तांबटाच्या भट्टीत झाली हे लक्षात घेता, जे उरले त्यांच्याबाबत तरी ही कंजूषी परवडणारी नाही.

जमिनीत न सापडता वापरातच राहिलेल्या ऐतिहासिक वस्तूंच्या नोंदीत आणखी एक पेच येतो. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधील अनेक घंटा मराठी प्रदेशातील देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकी एक. वाईजवळच्या मेणवली येथील घंटेवर मेरी व बालयेशू यांची उठावाची आकृती आहे. अशा घंटेला ‘पोर्तुगीज चर्चची घंटा’ म्हणावे तर जवळपास तीन शतकांचा देवळातला नाद गळतो. ‘देवळाची घंटा’ म्हणावे तर तिच्यावरील लॅटिन जगाची खूण निरर्थक होते. नोंदीत ओतण्याचा काळ, आणल्याचा प्रसंग, टांगल्याची जागा आणि आजचा वापर असे क्रमाने यावे. आकृतींचे ठसे व मापे घ्यावीत. नाशिकच्या बाबतीत आणखी एक रकाना भरता येतो. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याचा प्रघात मराठीत आहे. धातुशास्त्रज्ञाच्या दृष्टीने तो पुरावा नव्हे. पण ही घंटा किती दूरवर ऐकली जात होती आणि लोकांनी तिला कोणाच्या नावावर मांडले, हे त्याच शब्दांत नोंदले गेले आहे.