मेट्रोची रेषा नकाशावर कशी पडते?

काळबादेवीत कापडाच्या गाठी वाहणाऱ्या हमालालाही आता ठाऊक आहे की, बाजाराजवळून जमिनीखाली मेट्रो धावते. कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्या २७ स्थानकांपैकी २६ भुयारी आहेत. पण एवढ्या दाट वस्तीत मार्ग आणि स्थानकाची जागा ठरवतात कशी? आज या कामात भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, वापरतात.

नाव जड आहे, गोष्ट आपल्या धंद्यातली आहे. छापील कापडाला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते. एकावर फूल, दुसरीवर पान, आणि सगळ्या बरोबर बसल्या की डिझाइन उमटते. जीआयएसमध्ये शहराचे असेच थर संगणकात असतात: रस्ते, इमारती, लोकवस्ती, पाण्याच्या व गटाराच्या वाहिन्या, बोअर घेऊन तपासलेला खडक. प्रत्येक वस्तू अक्षांश-रेखांशाने बांधलेली. स्क्रीन सूतभर सरकली तर तागा बाद होतो. इथे थर सरकला तर शेजाऱ्याची इमारत बोगद्यावर दिसू लागते.

थर जुळले की दोन-तीन संभाव्य मार्ग आखून तुलना होते. कोणत्या मार्गात किती इमारती जातात, किती लोक स्थानकापर्यंत चालत येऊ शकतात, हे संगणक मोजून देतो. स्थानकाभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढणे सोपे, पण मधे रेल्वेचे रूळ असतील तर तेच अंतर चालायला दुप्पट पडते. म्हणून शहाणा अभियंता रस्त्यावरून मोजतो.

खरी गोम पुढे आहे. जनगणना माणूस राहतो तिथे त्याला मोजते. आपल्या बाजारात रात्री माणसे किती आणि दुपारी किती? नुसत्या जनगणनेच्या थरावर भिस्त ठेवली तर घाऊक बाजार ओसाड दिसेल. त्यातून २०११ नंतर २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणून लोक कुठून निघतात, कुठे जातात, याची वेगळी पाहणी करून तो थर घालावा लागतो.

दुसरी अडचण पागडीची. उपग्रहाच्या छायाचित्रात फक्त छप्पर दिसते. त्याखाली किती गाळे, किती पोटभाडेकरू, हे आकाशातून कळत नाही. काळबादेवी आणि गिरगावात स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि तिथल्या रहिवासी-दुकानदारांचे त्याच भागात पुनर्वसन करण्याचे ठरले. अशा वेळी दारोदार फिरून केलेली नोंदच उपयोगी पडते. आपण मात्र सर्वेक्षणवाला आला की गिऱ्हाईक आहे म्हणून त्याला परत पाठवतो. भाडेपावती, दुकानाचा परवाना, इमारतीचा सी. एस. नंबर आणि गाळ्याचे माप एका फाइलीत गल्ल्याजवळ ठेवा, म्हणजे नोकरसुद्धा ते दाखवू शकेल.