निनाद मांडवगणे आणि आकाशातली ओळख

जोगेश्वरी-अंधेरीच्या लोकांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. जुहूच्या विमानतळावरून ती बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसं नेतात. ती चालवणाऱ्यांत सैन्यदलांतून निवृत्त झालेले वैमानिकही असतात. खालून पाहणाऱ्याला वाटतं, यंत्र आपलं आपण चाललंय. आत मात्र वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी कामाला लागलेले असतात.

डाव्या हाताशी असतो कलेक्टिव्ह. तो वर ओढला की मुख्य पंख्याच्या सगळ्या पात्यांचा कोन वाढतो आणि यंत्र उचललं जातं. उजव्या हातातला सायक्लिक दिशा देतो. मुख्य पंखा फिरू लागला की धड उलट्या बाजूला वळू पाहतं. त्याला पायाखालची पेडल आवरतात. यातलं एक हललं की उरलेली दोन लगेच जुळवून घ्यावी लागतात. म्हणूनच हवेत एका जागी थांबणं हा या कामातला कस लावणारा भाग. एखाद्या घराच्या छपरावरून पूरग्रस्ताला वर घेताना वैमानिक नेमकं तेच करत असतो.

नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांचं हेच काम होतं. शिक्षण भोसला सैनिकी शाळेत, पुढे छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, एसपीआयमध्ये. सैन्यदलांत अधिकारी होऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांसाठी राज्य सरकारनं 1977 मध्ये काढलेली ही संस्था. वायुदलात त्यांच्या वाट्याला आलं एमआय-17 व्ही5. पाच पात्यांचा पंखा, दोन इंजिनं आणि भरलं की 13 टनांपर्यंत जाणारं वजन. जवान, रसद, जखमी, पूरग्रस्त असं सगळं वाहणारं हे हेलिकॉप्टर आहे.

27 फेब्रुवारी 2019. भारतानं पाकिस्तानातल्या बालाकोटवर केलेल्या हवाई हल्ल्यानंतरचा दिवस. सीमेवर पाकिस्तानी विमानं आली होती आणि हवाई चकमक पेटली होती. त्याच सकाळी दहाच्या सुमारास श्रीनगरहून निघालेलं एमआय-17 बडगाम जिल्ह्यात कोसळलं. स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ आणि निनाद यांच्यासह वायुदलाचे सहा जण गेले. जमिनीवरचा एक गावकरीही दगावला. निनाद अवघ्या तेहतीस वर्षांचे होते. मागे आई-वडील, पत्नी आणि लहानगी मुलगी.

1 मार्चला नाशिकनं त्यांना लष्करी इतमामात निरोप दिला. त्या दिवशी देशाचे डोळे वाघा सीमेवर लागले होते, कारण त्या चकमकीत पाकिस्तानच्या हाती लागलेले वैमानिक अभिनंदन वर्धमान परत येणार होते.

मग हळूहळू खरं काय घडलं ते बाहेर आलं. हेलिकॉप्टरमध्ये आयएफएफ नावाचं एक उपकरण असतं. जमिनीवरून सांकेतिक विचारणा येते, ते सांकेतिक उत्तर देतं आणि पडद्यावरचा ठिपका आपला आहे हे खालच्यांना कळतं. उत्तर आलं नाही की तो ठिपका परका ठरू शकतो. त्या सकाळी हे उपकरण बंद होतं आणि तळ व हेलिकॉप्टर यांच्यातला समन्वयही तुटला होता, असं चौकशीत पुढे आलं. श्रीनगर तळावरूनच सुटलेल्या क्षेपणास्त्रानं आपलं हेलिकॉप्टर पाडलं होतं. 4 ऑक्टोबर 2019 रोजी वायुदलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी पत्रकारांसमोर ही मोठी चूक असल्याचं मान्य केलं. पुढच्या वर्षी निनाद यांना मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झालं.

वैमानिक हातापायांनी यंत्र सांभाळतो. खालून आपल्याला कोण काय समजतंय, ते त्याच्या हातात नसतं. तिथं त्याला जमिनीवरच्या माणसांवर विसंबावं लागतं. निनाद आणि त्यांचे सोबती असेच विसंबून उडाले होते आणि त्यांच्या कामात काही उणं नव्हतं. म्हणून भोसलात, एसपीआयमध्ये किंवा घरी मुलांना त्यांच्याबद्दल सांगताना ‘हेलिकॉप्टर कोसळलं’ एवढ्यावर थांबू नका. ते कशानं कोसळलं आणि वायुदलानं ते कसं कबूल केलं, हेही सांगा. यातली काही मुलं उद्या हेलिकॉप्टरमध्ये बसतील, काही रडारसमोर.