पिवळी भुकटी आणि जागा राहणारा माणूस

काचेच्या छोट्या बाटलीत फिकट पिवळी भुकटी असते. ५०० मिलिग्रॅम भुकटीत २० मिलिलिटर शुद्ध पाणी मिसळलं की अडीच टक्क्यांचं द्रावण तयार होतं. ते शिरेतून सोडल्यावर अर्ध्या मिनिटात अंक मोजणाऱ्या रुग्णाचा आवाज थांबतो. काहींना त्याआधी तोंडात लसणाची चव जाणवते. हे थायोपेंटोन, ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला पेंटोथाल म्हणतात.

बार्बिट्युरिक आम्ल १८६४ साली रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी तयार केलं. त्याच कुळातलं हे औषध अमेरिकेत ॲबट कंपनीच्या व्होलवायलर आणि टॅबर्न यांनी शोधलं. ८ मार्च १९३४ रोजी विस्कॉन्सिनमध्ये भूलतज्ज्ञ राल्फ वॉटर्स यांनी ते प्रथम माणसाला दिलं. ईथरच्या मुखवट्याखाली गुदमरत झोपण्याऐवजी शिरेतून शांत झोप मिळू लागली.

मेंदूला शांत ठेवणारं गाबा नावाचं रसायन आपल्या शरीरातच असतं. पेंटोथाल त्याचा परिणाम लांबवतं. पेशीवरची क्लोराइडची दारं जास्त वेळ उघडी राहतात आणि पेशी निपचित पडते. मग पाच-दहा मिनिटांत जाग कशी येते? औषध तेवढ्यात नष्ट होत नाही, ते फक्त जागा बदलतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याच्या नळगंगा धरणाचं पाणी पाटात सोडलं की आधी जवळचं शेत भिजतं, मग ते पुढच्या शेतात उतरतं. तसंच रक्त भरपूर मिळणाऱ्या मेंदूत औषध आधी पोहोचतं, तिथून स्नायूंत आणि शेवटी चरबीत जातं. यकृत त्याचा निचरा पुढे कित्येक तास करत राहतं. म्हणून वारंवार डोस दिले तर झोप लांबते.

हे औषध वेदना मारत नाही. श्वास मंदावतो, थांबतोही; रक्तदाब उतरतो. चुकून धमनीत गेलं तर हात गमावण्याची वेळ येते. घराण्यात पोर्फिरिया हा आनुवंशिक आजार असेल तर ते देतच नाहीत. संशयिताला हे औषध देऊन अर्धवट गुंगीत प्रश्न विचारायचे, या नार्को चाचणीमुळे त्याचं नाव घरोघरी गेलं. पण संमतीविना अशी चाचणी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात ठरवलं.

आता दुधासारख्या पांढऱ्या प्रोपोफोलने त्याची बरीच जागा घेतली आहे. तरी न थांबणाऱ्या फिट आणि मेंदूवरचा वाढलेला दाब यांत पेंटोथालला अजून मान आहे.

औषध कोणतंही असो, रुग्ण झोपल्यावर त्याचा श्वास सांभाळणारा भूलतज्ज्ञ जागा लागतो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. तिथून सर्जनांइतकेच भूलतज्ज्ञही घडावेत, ही या जिल्ह्याची खरी गरज आहे. आणि वाचकहो, ऑपरेशनआधी ‘भूल कोण देणार?’ हे जरूर विचारा. दमा, दारू, आधीच्या भुलीचा त्रास, सकाळी घेतलेला चहा, यातलं काहीही त्या डॉक्टरांपासून लपवू नका.