पेठ ते मॉल (भाग 6) : दुकानातले दुकान

साखळी बाजारातला औषध विभाग पाहणाऱ्याला शाम्पू किंवा बिस्किटांसारखाच एक विभाग वाटतो. छत एक, वातानुकूलन एक, बहुतेक वेळा पाटीचा रंगही एकच. कायद्याच्या लेखी मात्र तो वेगळे दुकान असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 आणि त्याखालचे 1945 चे नियम साखळीला ओळखत नाहीत. ते जागा ओळखतात. एखाद्या कंपनीची पन्नास ठिकाणी औषधविक्री असेल तर परवानेही पन्नास ठिकाणांचे वेगवेगळे लागतात. किरकोळ विक्रीची जागा किमान दहा चौरस मीटर हवी. नेरूळच्या एखाद्या सेक्टरमध्ये सिडकोच्या इमारतीखालच्या गाळ्यात बसलेल्या 'मेडिकल'वाल्याला ही अट लागू आहे आणि मॉलचा अख्खा मजला व्यापणाऱ्या दुकानालाही तीच. मजला कितीही मोठा असला तरी औषधांचा परवाना त्यातल्या आखून दिलेल्या तुकड्यालाच मिळतो.

परवान्याचे साधे प्रकार दोन. नमुना 20 नेहमीच्या औषधांसाठी, तर नमुना 21 लशी, रक्तद्रव्ये, इन्सुलिन अशा जैविक आणि विशेष औषधांसाठी. दुकानात दोन्ही लावलेले दिसतात. 2017 च्या दुरुस्तीपासून परवान्याचे नूतनीकरण करावे लागत नाही. दर पाच वर्षांनी शुल्क भरले की तो चालू राहतो. पाटीवर काय लिहायचे हेही नियमांनी ठरवून दिले आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, पण चिठ्ठीबरहुकूम औषध घोटून-मिसळून देण्याची सोय नाही, अशा दुकानाने स्वतःला 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' म्हणवायचे; 'फार्मसी' हे नाव तशी सोय असणाऱ्याचे. हल्ली औषध घोटून देणारा शोधावा लागतो आणि 'फार्मसी' ही पाटी मात्र चौकाचौकात दिसते, हा भाग निराळा.

जागेइतकाच परवाना माणसाला बांधलेला असतो. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, असे नियम सांगतो, आणि 1948 च्या फार्मसी कायद्याचे कलम 42 इतर कोणालाही ते काम मना करते. साखळीला हीच अट महागात पडते. किराण्याच्या विभागात आज एक मुलगा आणि उद्या दुसरा उभा राहिला तरी बिघडत नाही. औषधांच्या काउंटरवरचा माणूस जेवायला गेला तर नियमाने विक्री थांबायला हवी. चोवीस तास चालणाऱ्या दुकानाचा हिशेब मांडला तर आठवड्याला आठ-आठ तासांच्या एकवीस पाळ्या होतात. एका माणसाकडून सहा पाळ्या धरल्या तरी किमान चार फार्मासिस्ट लागतात, आणि त्यात कोणी आजारी पडणे धरलेले नाही. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, 2011 नंतरच्या काळात, फार्मासिस्टविना चालणाऱ्या दुकानांवर राज्यभर कारवाई झाली आणि विक्रेत्यांच्या संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. प्रमाणपत्र भिंतीवर, पण ज्याचे ते प्रमाणपत्र तो माणूस भलतीकडेच, ही रीत तोवर चांगलीच रुळलेली होती.

स्वतःच्या हाताने माल उचलून टोपलीत टाकायचा, हा साखळी बाजाराचा प्राण. औषध नेमके या पद्धतीत बसत नाही. इंग्लंडमध्ये हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. बूट्स या कंपनीने 1951 मध्ये लंडनजवळच्या एजवेअरच्या दुकानात काही औषधे उघड्या फळ्यांवर मांडली. फार्मासिस्ट पैसे घेण्याच्या जागेजवळ उभा असे. गिऱ्हाइकाने बाटली उचलली तिथेच विक्री झाली, म्हणजे ती देखरेखीविना झाली, असा फार्मासिस्टांच्या संस्थेचा आक्षेप होता. 1953 मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. फळीवर माल मांडणे हे केवळ निमंत्रण. विक्री होते ती पैसे घेण्याच्या जागी, असा तो निर्णय. भारतात विधी महाविद्यालयांत करार कायदा शिकवताना हा खटला आजही घेतला जातो.

इथल्या दुकानात मात्र औषधे काउंटरच्या आतच राहतात. मग बाहेरच्या फळीवर विक्स व्हेपोरब आणि ईनो कसे काय मिळतात? ही उत्पादने भारतात आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेऊन बनवली जातात, आणि आयुर्वेदिक औषध विकायला विक्रीचा परवाना लागत नाही. पॅरासिटामॉलच्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नसली, तरी ती विकणाऱ्याला परवाना लागतोच. चिठ्ठीविना विकायच्या औषधांचा स्वतंत्र वर्ग भारतीय कायद्यात नाही. उलट, हजाराच्या आत लोकसंख्या असलेल्या खेड्यात साध्या किराणा दुकानदारालाही काही अटींवर पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर अशा घरगुती औषधांची परवान्याविना विक्री करण्याची सवलत नियमांच्या 'के' अनुसूचीत आहे. नेरूळच्या झगझगीत सुपरमार्केटला ती नाही.

या व्यवसायाच्या इतिहासात नेरूळचे नाव एका आडवाटेने येते. राधाकिशन दमाणी यांनी 1999 मध्ये अपना बाजार या सहकारी भांडाराची फ्रँचायझी चालवून पाहिली ती नेरूळमध्ये. ते गणित त्यांना पटले नाही, आणि 2002 मध्ये पवईत पहिले डीमार्ट निघाले. डीमार्टने औषधांना मात्र बराच काळ हात लावला नाही. किराणा आणि औषध एका छताखाली आणण्याचा मोठा प्रयोग त्याआधीच चेन्नईच्या सुभिक्षाने केला होता. 1997 मध्ये सुरू झालेली ही साखळी भाजी, धान्य आणि औषधे छापील किमतीपेक्षा स्वस्त देत देशभर दीड हजारांच्या वर दुकानांपर्यंत वाढली आणि 2009 मध्ये पैशाअभावी कोसळली. मुंबई परिसरात 2008 मध्ये निघालेल्या वेलनेस फॉरएव्हरने उलटी दिशा धरली. मुळात मेडिकल, आणि भोवती साबण, डायपर, चॉकलेट. डीमार्टची मालक कंपनी अखेर 2023 मध्ये या क्षेत्रात उतरली, तीही रिफ्लेक्ट हेल्थकेअर अँड रिटेल या उपकंपनीमार्फत आणि सुरुवातीला एकाच दुकानात. मोठ्या दुकानाच्या आत दुसऱ्या कंपनीचे छोटे दुकान, अशीच ही रचना आहे.

सवलतीचा हिशेब वाटतो त्याहून सरळ आहे. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किंमत नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरला आहे. विक्रेत्याला 100 रुपयांना पडलेले औषध कर वगळता 116 ला विकले जाते. त्यावर 20 टक्के सूट दिली तर हातात 92 रुपये 80 पैसे येतात, म्हणजे खरेदीहूनही कमी. नियंत्रणाबाहेरच्या औषधांत विक्रेत्याला 20 आणि घाऊक व्यापाऱ्याला 10 टक्के देण्याची बाजाराची रीत आहे. तिथेही 20 टक्के सूट दिल्यावर एकट्या किरकोळ दुकानदाराकडे काही उरत नाही. साखळी मोठ्या प्रमाणावर खरेदी करते, स्वतःचे गोदाम ठेवते आणि घाऊक व्यापाऱ्याचा वाटाही आपल्याकडे वळवते. उरलेली भर शाम्पू आणि प्रोटीन पावडरीतून निघते. महिन्याच्या मधुमेहाच्या गोळ्यांसाठी येणारा माणूस न चुकता येतो, आणि येताना पिशवी घेऊन येतो. औषधांवरची सूट ही बऱ्याच अंशी त्या पिशवीची किंमत असते.

काउंटरवर पाळायच्या गोष्टी थोड्या, पण काटेकोर आहेत. 'एच' अनुसूचीतले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, औषध दिल्यावर दुकानाचे नाव आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची. डॉक्टरांनी लिहिले नसेल तर त्याच चिठ्ठीवर ते पुन्हा द्यायचे नाही. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या 'एच-1' अनुसूचीत प्रतिजैविके, क्षयाची आणि झोपेची काही औषधे येतात. त्यांच्यासाठी डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या लिहिलेली वेगळी वही तीन वर्षे जपावी लागते. मुदत संपलेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा, 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावून ठेवायचा.

साखळ्यांच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा नियम औषध बदलून देण्याचा आहे. चिठ्ठीवर लिहिलेल्या 'एच', 'एच-1' किंवा 'एक्स' अनुसूचीतल्या औषधाऐवजी, घटक तंतोतंत तेच असले तरी, दुसरे उत्पादन देण्यास मनाई आहे. साखळ्यांनी आता स्वतःच्या नावाची स्वस्त औषधे बाजारात आणली आहेत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचे नाव न घालता नुसते औषधाचे मूळ नाव लिहिले असेल, तरच ती काउंटरवरून सरळ देता येतात.